ठोक्यांविरुद्धची तक्रार

नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले. पण कुणी जुन्या केसेसचा विषय काढला की मला आधी आठवते ती एक तांबडी गाय. सत्तरच्या दशकातली गोष्ट. बर्मिंगहॅमच्या शहरी ठाण्यातून माझी बदली कॉव्हेंट्रीबाहेरच्या खेड्यांच्या हद्दीत झाली होती. सहकाऱ्यांनी निरोप देताना चिडवलं, "सार्जंट, आता मेंढ्यांना बेड्या घाला!" मीही हसलो. मी मूळचा साताऱ्याकडचा. गोठ्यातून जनावर गेलं की त्या घरावर कशी अवकळा येते, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

एका सकाळी काउंटरवर एक ठेंगणी, पन्नाशीची बाई येऊन उभी राहिली. ती मूळची इंडोनेशियातल्या जावा बेटावरची. दुसरं महायुद्ध संपता संपता तिकडे गेलेल्या एका इंग्रज शिपायाशी तिचं लग्न झालं होतं, आणि त्याच्याबरोबर ती या खेड्यात येऊन शेतकरीण झाली होती. आता नवरा अर्धांगाने खाटेवर आणि तीन गायींचा सगळा व्याप हिच्या एकटीवर. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं. इथे मराठीत लिहितो.

"माझी गाय गेली. गाभण आहे, दिवस भरत आलेत."

"कधी गेली?"

"परवा."

माझं डोकंच फिरलं. "परवा? आणि तुम्ही आज येताय? एव्हाना ती खाटकाकडे पोचलीसुद्धा असेल, बाई!"

उशिरा तक्रार म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हा आमचा पोलिसी हिशेब. मी तिला आत नेलं, चहा दिला आणि उलटसुलट विचारून भंडावून सोडलं. शेवटी ती म्हणाली, "आधी मला वचन द्या. चोर सापडला तर त्याला कुणी मारणार नाही."

मग तिने सांगितलं. जावातल्या तिच्या गावी पोकळ ओंडका टांगलेला असे. संध्याकाळी त्यावर संथ ठोके पडले की समजायचं, सगळं ठीक आहे. घाईघाईचे ठोके म्हणजे चोरी. तसे ठोके पडले की घराघरातून माणसं काठ्या, कोयते घेऊन धावत. "मी लहान होते. अशीच एक गाय गेली, ठोके पडले, आणि रस्त्याने जाणाऱ्या एका माणसाला गावाने धरलं. तो वाचला नाही. दुसऱ्या दिवशी गाय ओढ्याकाठी चरताना सापडली." म्हणून हिने आधी सगळी शेतं, सगळे ओढे एकटीने पालथे घातले होते आणि मगच ठाण्याची पायरी चढली होती.

ऐकून मी ओशाळलो. वचन दिलं. "हे इंग्लंड आहे," असंही वर ऐटीत म्हणालो.

तपास सुरू केला. बाजारात चौकशी केली, खाटकांना सावध केलं, ट्रकवाल्यांना थांबवलं. हाती काही लागेना. त्या घरी गेलो की नवरा खाटेवरून माझ्याकडे बघत राही. गाय त्याने बाटलीने दूध पाजून वाढवलेली होती. वाचा गेलेली, पण डोळे सगळं विचारायचे. मला तिथे जायला नको वाटू लागलं.

खबर काढण्यासाठी आम्ही खबऱ्यांच्या किती मिनतवाऱ्या करत असू! ही खबर मात्र चालत ठाण्यात आली. त्याच आठवड्यात ओढ्यापलीकडचा एक शेतकरी तणतणत आला. त्या जावाच्या बाईने आवारात एक लाकडी ओंडका टांगलाय, रोज संध्याकाळी बडवते, हा उपद्रव बंद करा. ओंडका मला माहीत होता. गायी धारेला परत बोलवायला ती त्याच्यावर ते संथ ठोके देई. खेड्यात आल्यापासून देत होती. लोकांनी सुरुवातीला नाकं मुरडली, मग तेच त्या ठोक्यांवर घड्याळं लावू लागले.

मी त्याला बसवलं. दुधाचा चहा दिला.

"तुम्ही इथले जुनेच ना?"

"जन्मापासूनचा."

"आणि ठोके?"

"वीसेक वर्षं ऐकतोय."

"मग आत्ताच का बरं अंगाचा तिळपापड झाला?"

तो कप फिरवत राहिला. "जनावरं बिचकतात."

"कुठली जनावरं?" मी विचारलं. जनावरांच्या रोगाच्या साथीत सरकारी नियमाप्रमाणे त्याचा सगळा गोठा मारून टाकावा लागला होता, हे अख्ख्या हद्दीला माहीत होतं. त्यानंतर त्याने फक्त डुकरं ठेवली होती.

"डुकरं," तो म्हणाला आणि चहा अर्धा टाकून उठला.

माणूस ज्या गोष्टीची तक्रार करतो ती त्याला नेमकी कशासाठी टोचते, हे बघायचं. त्या संध्याकाळी मी साध्या कपड्यांत त्याच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. ओढ्यापलीकडून ठोके आले. ठक... ठक... ठक. आणि त्याच्या बंद कोठारातून लांबलचक हंबरणं उमटलं. ठोके थांबेपर्यंत ते थांबलं नाही. डुकरं हंबरत नाहीत, एवढं शेतीचं ज्ञान मला होतं!

झडतीचं वॉरंट घ्यायला मॅजिस्ट्रेटच्या घरी गेलो. साहेब गुलाबाची छाटणी करत होते. "तुमचा साक्षीदार कोण?" त्यांनी विचारलं. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "गाय, सर." ते मोठ्याने हसले, मग हातमोजे काढून सही केली.

कोठार उघडलं. आत तांबडी गाय उभी, खाली कोरडा, स्वच्छ पेंढा, आणि तिच्या पोटाशी एक वासरू. गायीच्या कानातला बिल्ला काढलेला होता. शेतकरी हटून बसला, "माझीच आहे, जत्रेतून आणली." मी बाईला आणवलं. तिने कोठारापासून लांब, फाटकाशी उभं राहून एका लाकडी फळीवर तेच ठोके दिले. गाय आमच्यामधून वाट काढत, वासरू मागे घेऊन, थेट तिच्यापाशी गेली आणि तिच्या खांद्यावर तोंड टेकवून उभी राहिली. बाई ढसाढसा रडली. माझेही डोळे भरून आले, लाज कसली त्यात.

एवढ्यात गाव जमला. कुणाची मेंढरं गेली होती, कुणाची अवजारं. सगळ्यांनी सगळं बिल याच्यावर फाडलं. एका दांडग्याने त्याची कॉलर धरली, दुसऱ्याच्या हातात दाताळं होतं. "हे इंग्लंड आहे" म्हणणारा मी, माझ्या तोंडचं पाणी पळालं. मध्ये घुसलो आणि ओरडलो, "हात काढ! तो माझ्या ताब्यात आहे. त्याला ओरखडा आला तर आधी तुला आत घालीन!" कॉलर सुटली. वचन राहिलं.

ठाण्यात त्याने जबाब दिला. विकायची नव्हती त्याला गाय. साथीत दीडशे जनावरं डोळ्यांदेखत गोळ्या घालून मारलेली, तेव्हापासून त्या शांत गोठ्यात त्याला पाय ठेववत नव्हता. कुंपणाशी ही गाभण गाय दिसली आणि त्याने तिला दोरीला धरून घरी नेलं. वासरू आडवं आलं होतं. पशुवैद्याला बोलवावं तर चोरी उघडी पडणार. रात्रभर खपून त्याने दोन्ही जीव स्वतःच्या हातांनी वाचवले होते. इतर चोऱ्यांशी त्याचा संबंध नव्हता. ते चोर आम्हाला पुढे दुसरीकडे सापडले. गावाने त्या दिवशी मात्र त्याला सगळ्यांसाठी चोपलं असतं.

कोर्टाने त्याला दंड करून देखरेखीखाली सोडलं. वासराचं दूध सुटल्यावर एक दिवस ती बाई ठाण्यात आली. वासरू त्याला द्यायचं म्हणते, काही कायद्याची अडचण आहे का?

मी उसळलो. "अहो, चोराला बक्षीस देताय?"

"चोराला नाही," ती शांतपणे म्हणाली. "सांभाळणाऱ्याला. आमच्याकडे दुसऱ्याची गाय जो सांभाळतो, त्याचा वासरात वाटा असतो."

आमच्या साताऱ्याकडेही जनावर वाट्याने देतातच की! कायद्याची अडचण नव्हती. मी स्वतः तिच्याबरोबर ओढ्यापलीकडे गेलो. तो दारात आला, वासराकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. बाईने दावं त्याच्या हातात दिलं.

पुढे त्या हद्दीत मी बरीच वर्षं काढली. कुलपं, गस्त, झडत्या सगळं केलं, ते करावंच लागतं. पण कुणाच्या गोठ्यात काय आहे एवढंच न बघता, कुणाचा गोठा कशाने रिकामा झालाय हेही पोलिसाला ठाऊक असलं पाहिजे, हे मी त्या केसमध्ये शिकलो. त्या बाईचा नवरा वारला तेव्हा दफनानंतरचे कित्येक दिवस ती घराबाहेर पडली नाही. तिच्या गायींच्या धारा त्या दिवसांत दोन्ही वेळा तो ओढ्यापलीकडचा शेतकरीच काढून देत होता.