अळी नसलेला नाला

आरोग्य खात्याचे ते साहेब दर शुक्रवारी आमच्या चाळीत यायचे आणि मुलगी बघायला आल्यासारखं एकेक पिंप टॉर्चने न्याहाळायचे. एकदा माझ्या पिंपात अळ्या निघाल्या.

“काय रे मेल्या, डासांची शाळा काढलीस?”

सातवीतच शाळा सोडून बीडहून आलेला मी घाईघाईने पिंपाचं झाकण शोधू लागलो. नोटीस आली की मालकीणकाकू खोली काढून घेणार होत्या. पण साहेबांनी नोटीस न देता पिंप स्वतः उपडं केलं. त्या उपकाराने धीर येऊन मी विचारलं, “साहेब, मागे केमिकल कंपनीचं लाल पाणी वाहतंय, तो नाला कधी बघणार?”

“त्यात अळी जगते काय?”

“नाही.”

“मग आमच्या लेखी तो स्वच्छ!”

मी हात जोडले. माझी खोली वाचली, आणि चाळीला अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यातला सगळ्यात स्वच्छ नाला लाभला.