आत ठेवायचं की बाहेर काढायचं

बिनबियांच्या द्राक्षात बी धरतच नाही, असा माझाही समज होता. सांगलीच्या प्रयोगशाळेत कामाला लागल्यावर कळलं की बी धरतं, त्यात गर्भही तयार होतो, पण मणी वाढत असतानाच तो आतल्या आत सुकून जातो. तो सुकायच्या आधी कोवळं बी काढायचं, नळीतल्या जेलीवर ठेवायचं आणि त्यातून रोप वाढवायचं, हे माझं संशोधन. सगळी मेख वेळेत होती. लवकर काढला तर गर्भ बाहेर तगत नाही. उशीर झाला तर आत काही उरलेलंच नसतं. म्हणून फुलोरा झाला की मी दर आठवड्याला तासगावकडच्या एका बागेतून थोडे घड आणायची. एका खेपेचे फसले, तर पुढच्या खेपेचे होतेच.

त्या हिवाळ्यात माझी धाकटी बहीण उंब्रजला सासरी होती. पोटात जुळं, नवरा फौजेत, लांब सीमेवर. दोन्ही बाळांना मिळून त्यांना पोसणारी वार एकच होती, म्हणून कराडच्या डॉक्टरबाईंनी दर पंधरवड्याला सोनोग्राफी सांगितली होती. ती सासूबाईंबरोबर उंब्रजहून यायची, मी सांगलीहून एसटीनं. उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडत गाडी पोचायची तोवर दोघी बाकावर बसलेल्या असायच्या.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. मग एका तपासणीत डॉक्टरबाई पडद्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. एक बाळ मागं पडलं होतं.

बाहेर आल्यावर सासूबाई काळजीनंच म्हणाल्या, "मोठं बारक्याचं खातंय, दुसरं काय!"

त्या औषधं आणायला गेल्या तशी बहिणीनं माझा हात धरला. "आक्का, मला मोठ्याचा राग येतोय गं. पोटात लाथ मारली की वाटतं, हेच मारतंय. बारक्याला कुठली एवढी ताकद? आई असून असं वाटतं मला."

मी तिला परत आत घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी पेशंट थांबवून एका कागदावर वार काढली आणि तिचे दोन असमान भाग पाडले. "हे बघ, कुणी कुणाचं खात नाही. बारक्याच्या वाट्याला वारेचा तुकडाच लहान आलाय. मोठ्यालाही त्याच्या वाट्याचंच मिळतंय."

बहिणीनं तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. तिचा राग तेवढ्यानं गेला असं मी म्हणणार नाही, पण ती रडायची थांबली.

पुढच्या खेपेला सासूबाईंनी मलाच धरलं. "आवं ताई, तुमी द्राक्षातली रोपं भाईर काडून वाढिवता म्हनं. मग आमचं बारकं भाईर काडून न्हाई का वाढवायचं?"

बहीण हसली. मला मात्र हसू आलं नाही. आत डॉक्टरबाई नेमका तोच विचार करत होत्या. आत ठेवलं तर बारक्याचा रक्तपुरवठा कधीही तुटेल. बाहेर काढलं तर दोघांचीही फुप्फुसं कच्ची. माझ्याकडं पुढच्या आठवड्याचे घड असायचे. त्यांच्याकडं दुसरी खेप नव्हती. त्या दिवशी मी सांगलीला परतले आणि कितीतरी वेळ नळ्यांच्या रॅकसमोर नुसती उभी राहिले. न उगवलेल्या नळ्या मी आजवर सहज रिकाम्या करत आले होते. त्या दिवशी हात लागेना.

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी तपासणी चालू असतानाच डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता थांबायला नको. आजच."

बहिणीनं आधी फोनवर नवऱ्याला सांगितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मोठ्याला अजून राहायचं असंल गं आत. बारक्यापायी त्यालाही बाहेर यावं लागतंय." त्या बाळाबद्दल इतक्या मायेनं बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

दोन्ही मुली झाल्या. दोघींनाही काचेच्या पेटीत ठेवलं. मोठी लवकर सावरली. बारकीचा श्वास मधेच थांबायचा, नर्स तळव्याला टिचकी मारायची, की पुन्हा सुरू व्हायचा. तिचं वजन जरा वाढल्यावर नर्सनं सांगितलं, हिला उघड्या अंगाला लावून धरा. बहीण टाक्यांमुळं फार वेळ बसू शकत नव्हती. सासूबाई पुढं झाल्या. पडद्याआड चोळीची गाठ सोडून त्यांनी बारकीला छातीशी घेतलं, वरून शाल ओढली आणि दुपारभर हलल्या नाहीत. मी चहा आणला तर मान हलवून नको म्हणाल्या. बोललं तर पोरीची झोप मोडंल, असं त्यांना वाटत होतं.

मोठी आधी उंब्रजला गेली, बारकी शिमग्याच्या सुमारास. तिला घेऊन जायला तिचा बाप रजा काढून आला होता. त्यानं लेकीला हातात घेतलं आणि घाबरून लगेच आपल्या आईकडं परत दिलं.