बायबलची उलटतपासणी आणि दोन पायली ज्वारी

"हे पुस्तक छापलं तर मी आत जाणार का, एवढंच सांगा मॅडम," बापट म्हणाले. "बाकीचं कौतुक नंतर."

बापट हे वारज्यातले छोटे प्रकाशक. फ्लॅटच्या हॉलमध्ये ऑफिस, बेडरूममध्ये गोडाऊन. मी वकील आहे. शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस करते आणि अधूनमधून प्रकाशकांची हस्तलिखितं तपासून देते. याला आमच्याकडे व्हेटिंग म्हणतात. पुस्तक चांगलं की वाईट हे त्यात बघायचं नसतं. कोण केस टाकू शकेल, कशावर टाकेल आणि ती टिकेल का, हे बघायचं असतं. शेवटी लेखी मत द्यायचं, खाली सही करायची. वादाच्या पुस्तकावर माझी सही नसेल तर बापट ते प्रेसला पाठवत नाहीत.

या वेळचं पुस्तक होतं बायबलमधल्या विसंगतींवर. लेखक विल्सन साळवे. एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते, रिटायर होऊन हडपसरला राहतात. जन्माने ख्रिस्ती. तरुणपणी चर्चमध्ये रविवारी मुलांना बायबल शिकवायचे. शिकवता शिकवता प्रश्न पडत गेले आणि एक दिवस शिकवणं थांबलं. ते सगळे प्रश्न या पुस्तकात होते.

बापटांनी उत्साहात पुढचं आणि मागचं कव्हर व्हॉट्सॲपवर टाकलं. त्याच संध्याकाळी साळवेंच्या जुन्या चर्चच्या कमिटीतल्या पंडित सरांचा फोन आला. पुस्तक छापलंत तर पोलिसांत तक्रार करीन, म्हणाले.

"त्यांचा आक्षेप कशाला आहे?" मी विचारलं.

"मी काय विचारत बसलो नाही. बायबलला, अजून कशाला असणार? तुम्ही असं करा, पुस्तक जरा सौम्य करून घ्या. विसंगती म्हणू नका, विचार करण्याजोगे मुद्दे म्हणा. दोन-चार प्रकरणं उडवा. फक्त शेवटचं प्रकरण ठेवा. फर्मास जमलंय. मी वाचताना एकटाच हसत होतो."

"वाचते आणि सांगते," मी म्हटलं.

हे काम मी आनंदाने घेतलं, ते लपवत नाही. माझे बाबा जयंतीच्या दिवशी पुस्तिकांचा स्टॉल लावायचे. पातळ कागद, स्टेपलची पिन, कोपऱ्यात किंमत. इतर मुली गोष्टीची पुस्तकं वाचायच्या तेव्हा मी स्टॉलमागे बसून 'देवाला प्रश्न' छापाच्या पुस्तिका वाचत होते. कुठलाही ग्रंथ प्रश्नांच्या वर नाही, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. त्यामुळे कोणी घाबरून पुस्तक 'सौम्य' करायला निघालं की माझं डोकं तापतं.

आणि कायदाही इथे लेखकाच्या बाजूचा आहे. धर्मावर टीका करणं हा गुन्हा नाही. जाणूनबुजून, दुष्ट हेतूने एखाद्या समाजाच्या धर्माचा अपमान केला तर तो गुन्हा. ग्रंथात काय लिहिलंय ते संदर्भ देऊन दाखवलं, तर त्यात दुष्ट हेतू शोधणं अवघड जातं. मात्र संदर्भ पक्के हवेत आणि मुद्दे टिकाऊ हवेत. म्हणून मी मराठी बायबल घेऊन बसले आणि एकेक मुद्दा ताडून पाहिला. येशूची हकिकत त्यात मत्तय, मार्क, लूक आणि योहान असे चौघं सांगतात. संदर्भ चोख निघाले. मुद्दे मात्र सगळे सारखे नव्हते. मग हडपसर गाठलं.

"काका, काही मुद्दे काढावे लागतील."

साळवेंनी चष्मा काढला. "बापटांनी पाठवलं का तुम्हाला?"

"बापटांना भीतीपोटी काढायचेत. मला कच्चे आहेत म्हणून काढायचेत. हा बघा. पेत्र या शिष्याने येशूला नाकारलं तेव्हा मार्कच्या मते कोंबडा दोनदा आरवला, बाकीच्यांच्या मते एकदा. आणि हा. येशूच्या कबरीपाशी योहानात एकच बाई, मत्तयात दोन, मार्कात तीन."

"मग? आकडे जुळत नाहीत. माझ्या टेबलावर असा पार्ट आला असता तर रिजेक्ट!"

"टॉलरन्स म्हणून काही ठेवत होतात की नाही?"

ते हसले. टॉलरन्स म्हणजे मापात चालू शकणारा थोडासा फरक. कोर्टातही तो असतो. अपघात पाहिलेले साक्षीदार कधीच हुबेहूब सारखं सांगत नाहीत. एक म्हणतो रिक्षात तिघं होते, दुसरा म्हणतो चौघं. तेवढ्याने साक्ष खोटी ठरत नाही. उलट सगळे शब्दाला शब्द सारखं बोलले, तर यांना कोणीतरी पढवून आणलंय, अशी शंका जज घेतात. गाभ्याची गोष्टच जुळत नसेल, तर मात्र साक्ष अडचणीत येते.

"आता यहूदाचं घ्या," मी म्हटलं. "त्याने येशूला पकडून दिलं. मत्तय म्हणतो, त्याने पैसे परत टाकले आणि गळफास घेतला, शेत घेतलं ते याजकांनी. 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक म्हणतं, शेत त्यानेच घेतलं आणि तिथे पडून पोट फुटून मेला. कसा मेला आणि शेत कोणी घेतलं, दोन्ही वेगळं. हे टॉलरन्समध्ये बसत नाही. हे ठेवायचं."

"येशूची वंशावळ?"

"ठेवायची. योसेफाचा बाप मत्तयात याकोब, लूकमध्ये एली. जनगणनेचंही ठेवा. दावीद राजाला लोक मोजायची बुद्धी एका ठिकाणी देव देतो, दुसऱ्या ठिकाणी सैतान. यातला एक शब्दसुद्धा मी सौम्य करणार नाही."

मुद्द्यामुद्द्यावर भांडलो आम्ही. वधस्तंभाच्या वेळेवर तर चहा गार झाला. मार्कच्या मते येशूला सकाळी नऊच्या सुमारास वधस्तंभावर खिळलं. योहानच्या मते दुपारी बाराला तो अजून रोमी सुभेदार पिलातासमोर उभा. चर्चची माणसं म्हणतात, योहानची तास मोजायची रीत वेगळी होती. "ते उत्तर पण छापा," मी म्हटलं, "आणि ते तुम्हाला का पटत नाही, तेही छापा. विरोधी वकिलाचा मुद्दा आपणच आधी मांडला की त्याच्याकडे फार काही उरत नाही." काकांना हे आवडलं. जवळपास चौथा हिस्सा गेला. उरला तो ठणठणीत होता.

मग शेवटचं प्रकरण उघडलं. बापट हसले होते ते.

काकांनी त्यात स्वतःच्या आजोबांबद्दल लिहिलं होतं. आजोबा नगरकडच्या एका गावचे. दुष्काळात मिशनचे लोक आले. 'दोन पायली ज्वारीसाठी आजोबांनी देव बदलला. वाचता येत असतं तर विसंगती तरी दिसल्या असत्या. आमचा सगळा समाज असाच धान्याच्या पोत्यावरून ख्रिस्ती झाला.' पुढे चार पानं तीच चेष्टा.

"हे प्रकरण काढायचं," मी म्हटलं.

"का? माझे आजोबा आहेत. त्यांच्यावर लिहायला कोणाची परवानगी लागते मला?"

"आजोबांवर लिहा. इथे तुम्ही अख्ख्या समाजाला विकाऊ म्हटलंय. केस टिकली तर इथेच टिकेल. पण तो मुद्दा बाजूला ठेवते. पुरावा काय याला?"

"पुरावा कसला? सगळ्यांना माहीत आहे."

"ज्वारीचं आजोबांनी सांगितलं तुम्हाला?"

"नाही."

"वडिलांनी?"

"नाही. गावात म्हणायचे. चावडीवर."

"चावडीवर कोण बसायचं, काका?"

काका चष्म्याची काडी उघडत-मिटत राहिले. मग म्हणाले, "आमच्यातलं कोणी बसत नव्हतं."

मी तेव्हा शांत नव्हते. माझ्या पणजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला. लॉ कॉलेजात एक मुलगा कॅन्टीनमध्ये हसत म्हणाला होता, सवलतींसाठीच ना? तेव्हा माझा आवाज चढला होता आणि काकांसमोरही चढला.

"मत्तयाला तुम्ही विचारता, तू होतास का तिथे? कोणाकडून ऐकलंस? आणि चावडीवाल्यांना काहीच विचारत नाही! याला ऐकीव पुरावा म्हणतात. स्वतः न पाहिलेलं, दुसऱ्याच्या तोंडचं. कोर्टात ते एरवी उभं राहत नाही. तेही ज्यांनी तुमच्या आजोबांना चावडीची पायरी चढू दिली नाही, त्यांच्या तोंडचं. आजोबा स्वतः काय सांगायचे ते सांगा."

"फार बोलायचे नाहीत," काका म्हणाले. "एकच सांगायचे. तुझा बाप मिशनच्या शाळेत आत बसला. बाहेर ओट्यावर नाही, आत."

"ही साक्ष," मी म्हटलं. "प्रत्यक्ष पाहणाऱ्याची. ही कुठे आहे पुस्तकात?"

पुस्तकात ती नव्हती.

पुढच्या आठवड्यात बापटांच्या ऑफिसात मी माझं मत ठेवलं. उरलेल्या विसंगती शब्दशः जशाच्या तशा. शेवटचं प्रकरण रद्द.

"अहो, मी नेमकं उलटं सांगितलं होतं," बापट म्हणाले. "त्या प्रकरणावर पुस्तक खपणार आहे. आणि स्वतः ख्रिस्ती माणूसच लिहितोय म्हटल्यावर तुम्हाला काय त्रास?"

"चुटका तुम्हाला आवडला कारण तो तुमच्या आजोबांवर नाही."

"हे कायदेशीर मत आहे का?"

"नाही. कायदेशीर मत असं की ते प्रकरण राहिलं तर मी सही करत नाही. आणि बाकीचं सौम्य केलंत तरी करत नाही. दुसरा वकील बघा."

तेवढ्यात पंडित सर आले. मीच बोलावलं होतं. तक्रारदाराला नेमकं काय लागलंय, हे कोणी विचारलंच नव्हतं. उंच, रिटायर हेडमास्तर, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. मी वंशावळीचं प्रकरण त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी दोन पानं वाचली आणि परत केली.

"हे आम्हाला बायबल क्लासमध्ये शिकवलंय, बाई. आमची उत्तरंही आहेत. तुम्हाला पटणार नाहीत, तो भाग वेगळा. यावर कोण पोलिसांत जातं?"

"मग तक्रार कशाबद्दल होती?"

"मागच्या कव्हरवर ते ज्वारीचं छापलंय ना. माझी आई शिक्षिका होती. ज्वारी घेऊन ख्रिस्ती नाही झाली." बापटांकडे वळून ते म्हणाले, "विल्सनने देव नाकारला, त्याची मर्जी. आमच्या म्हाताऱ्यांना भिकारी कशाला म्हणायचं?"

बापटांनी मागचं कव्हर उचललं, वाचलं आणि पालथं ठेवलं. "हे तर मी निवडलं होतं," ते एवढंच म्हणाले.

काकांनी शेवटचं प्रकरण नव्याने लिहून आणलं. दीड पान. आजोबा, शाळा, आत बसलेला बाप. शेवटी त्यांनी लिहिलं की बायबल मला खरं वाटत नाही, पण ते हातात घेऊन आजोबा कुठून कुठे आले, ते मला खोडता येत नाही. मी एक शब्द बदलला नाही आणि सही केली.

पुस्तक निघालं. ठरल्यापेक्षा बारीक. तक्रार आली नाही. खप बेताचा आहे आणि बापट त्याचं बिल माझ्या नावावर फाडतात. पंडित सर एक प्रत विकत घेऊन गेले आणि आता त्याला उत्तर लिहीत आहेत. छापाल का, असं त्यांनी बापटांना विचारलं. बापट म्हणाले, छापतो, पण व्हेटिंग याच बाईंकडून होईल, आधीच सांगून ठेवतो.

माझ्यापुरतं यातून एवढंच शिकले. ग्रंथाला आपण ओळीओळीला पुरावा मागतो, आणि मागायलाच हवा. आपल्या माणसांबद्दल लोकांनी सांगितलेलं मात्र तपास न करता दाखल करून घेतो. बहुतेक केसेस तिथेच पडतात.