कॉम्रेडकाकांचा शेवटचा थांबा

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा. कॉम्रेडकाकांच्या शेवटच्या हेरिटेज वॉकला लोकांची नावं आली होती. चांगली भरपूर आली होती. "प्रतिसादच नाही काका, रद्द करावी लागतेय," असं मी त्यांना फोनवर सांगितलं, ते खोटं होतं.

कॉम्रेडकाका एजवेअरचे, रिटायर्ड इंजिनिअर. तरुणपणी मॉस्कोत शिकले, नोकरीसाठी लंडनला आले आणि म्हातारपणी आमच्या मराठी मंडळाच्या लोकांना इथल्या सोव्हिएत खुणा दाखवत हिंडू लागले. ज्या जागी बघायला काहीच नाही तिथे ते सगळ्यांत जास्त वेळ उभे राहत. फिन्सबरीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रशियन क्रांतीच्या पुढाऱ्याचा पुतळा बसवला होता. आता तिथे फ्लॅट आहेत. काका त्या फ्लॅटकडे बोट दाखवून म्हणत, "नीट बघा." आम्ही नीट बघायचो. कचऱ्याच्या बिन्स दिसायच्या.

"काका, पण इथे आहे काय?" मी एकदा न राहवून विचारलं.

"काही नाही. जे आहे ते दाखवायला मी कशाला हवा? त्याला कौन्सिल पाटी लावतं."

त्यांची दुसरी सवय तर जीव खायची. वॉक फॅरिंग्डन स्टेशनपासून निघायची. मंडळाची माणसं, वेळेवर येणार कशी? कुणाचा डबा राहिलेला, कुणाची ट्रेन कॅन्सल. उशिरा कुणी आलं की काका सगळ्यांना वळवून परत क्लर्कनवेलच्या पहिल्या थांब्यावर न्यायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायचे. "यांचं राहिलं ना! अर्धवट इतिहास ऐकून घरी गेले तर पाप मला लागेल." सेक्रेटरी म्हणून लोकांची बोलणी मी खायचो. रीडिंगच्या माझ्या घरून सकाळी निघून तीच ओळ तिसऱ्यांदा ऐकताना वाटायचं, जावं सरळ घरी. अशाने शेवटच्या थांब्यापर्यंत आम्ही कधी पोचलोच नाही. त्याआधीच पाऊस यायचा, नाहीतर कुणाला तरी वॉशरूम हवी असायची.

युक्रेनचं युद्ध सुरू झालं त्या वर्षी काकांचा फोन आला. "या वेळी शेवटपर्यंत जायचंच. उशिरा येणाऱ्याला मी थांबणार नाही. शेवटच्या थांब्यावर मला काही सांगायचंय."

"काय सांगायचंय काका?"

"तिथेच सांगेन."

मी घाबरलो. म्हातारा आता भर चौकात रशियाची बाजू घेणार, अशी माझी खात्रीच झाली. मंडळाच्या अध्यक्षबाईंना ते कळताच त्या म्हणाल्या, "अरे, लेले वहिनींची सून युक्रेनची आहे. उगाच विषाची परीक्षा कशाला? तू गोड बोलून मिटव." आमच्या मंडळात वडीलधाऱ्यांना तोंडावर नाही म्हणत नाहीत, प्रतिसाद कमी आहे म्हणतात. मीही तेच म्हटलं. नावं दिलेल्या लोकांना कळवलं की काकांची तब्येत बरी नाही. त्या नावांत लेल्यांच्या सुनेचंही नाव होतं. तेव्हासुद्धा मी थांबलो नाही.

काका फोनवर म्हणाले, "असू दे रे. लोकांना कामं असतात."

पुढच्या वर्षी काकू गेल्या आणि त्यांची मुलगी स्नेहल काकांना कार्डिफला घेऊन गेली. सामान हलवताना मी मदतीला गेलो होतो. खोकी भरताना ती सहज म्हणाली, "ती वॉक झाली नाही ना, तेव्हा बाबा खूप लो झाले. महिनाभर किचनमध्ये प्रॅक्टिस करत होते, लाऊडली. आईने विचारला तर म्हणायचे, तुला पण तिथेच ऐकायला लागेल."

"कशाची प्रॅक्टिस?"

"मॉस्कोच्या हॉस्टेलमधला त्यांचा फ्रेंड. युक्रेनमधल्या खारकीवचा होता. त्याने काहीतरी जोक केला लीडरवर, मग मीटिंग घेतली आणि त्याला कॉलेजमधून काढून टाकायला सगळ्यांनी हात वर केले. बाबांनी पण केला. ते सांगायचं होतं त्यांना. म्हणे, लोकांना इतकी वर्षं मी फक्त पुतळे दाखवले."

मी खोक्याला टेप लावत राहिलो. एकच पट्टी चार वेळा लावली असेल. काका पलीकडच्या खोलीतच होते, दार उघडं होतं. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, "काका, व्हॅन आलीय."

आता ते फारसं चालत नाहीत. दिवाळीला मी फोन करतो. आवाज बारीक झालाय, पण प्रश्न ठरलेला: "काय रे, या वेळी नावं आली का?" आणि मी, पन्नाशी उलटलेला माणूस, दरवेळी म्हणतो, "बघतो काका, विचारतो ग्रुपवर." माझा मलाच संताप येतो, आणि खरं सांगायचं तर त्यांचाही येतो. इतक्या वर्षांत त्यांनी एकदा तरी माझ्यावर संशय घ्यायला हवा होता.

लोक ऐकायला येणार होते, मी येऊ दिलं नाही, हे कॉम्रेडकाकांना सांगायचं मी देणं लागतो. ते अजून ऐकू शकतात तोवरच.