पाण्यापासून राखलेली गाडी

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवते. सव्वीस वर्षं झाली. सुरुवातीला पालक वर्कशॉपच्या दारात येऊन मलाच विचारायचे, सर कुठं आहेत म्हणून. आता ते विचारणं बंद झालंय. इंजिनाचा आवाज ऐकून त्याला काय होतंय हे मी सांगते आणि सहसा चुकत नाही.

हल्लीच्या गाड्यांचं बॉनेट उघडलं की वर प्लास्टिकचं झाकण असतं आणि बिघाड शोधायला स्कॅनर लावावा लागतो. तेही शिकवतेच. पण ठिणगी कुठं पडते, पेट्रोल कुठून येतं, हे मुलांनी एकदा तरी डोळ्यांनी बघावं असं मला वाटतं. आमच्या वर्कशॉपमधलं जुनं इंजिन इतक्या वेळा खोललं होतं की त्याचे आटे झिजून गेले होते. म्हणून मी ठरवलं, एक जुनी अँबॅसॅडर शोधायची, स्वतःच्या खर्चानं. रविवारी भंगारच्या यार्डांत हिंडायला लागले.

शिरोळच्या बाजूला उसाला लागून एक यार्ड होतं. मालक सत्तरीच्या पुढचे, पांढरी टोपी, सगळे त्यांना अण्णा म्हणत. पुढं ट्रॅक्टरचे सांगाडे, मागं सात-आठ जुन्या मोटारी. एकीच्या फुटक्या काचेतून घोसाळ्याचा वेल आत शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर आला होता. सीटांच्या स्प्रिंगा वर आल्या होत्या. सगळ्या गाड्यांवर खिडकीच्या उंचीला मातीची एक सरळ रेघ होती. पुराचं पाणी तिथवर चढलं होतं. पाण्यात बसलेल्या इंजिनात मला रस नव्हता, मी परत निघाले.

तेवढ्यात फाटकापाशी, रस्त्याच्या बाजूच्या उंचवट्यावर एक पांढरी अँबॅसॅडर दिसली. टायर बसले होते, खालचा पत्रा सडला होता, पण मातीची रेघ नव्हती. बॉनेट उघडून बघितलं. आत धूळ होती, गाळ नव्हता. हे इंजिन चालणार, हे मी तिथंच ओळखलं.

अण्णांना म्हटलं, ही द्या. त्यांनी मान हलवली.

"ती न्हाय मिळायची, ताई. दुसऱ्याची हाय."

मग त्यांनी सांगितलं. बारा वर्षांपूर्वी मलकापूरचा एक वडापवाला, म्हणजे सीटवर प्रवासी नेणारा, ही गाडी घेऊन आला होता. रत्नागिरी रस्त्यावर त्यानं उभी हयात हीच चालवली होती. पाहुण्यांकडं आला होता, कुणीतरी हे यार्ड सांगितलं. वजन झालं, बोलणं झालं, आणि मग तो गाडीपासून हलेना. शेवटी म्हणाला, तूर्त ठेवा, कापू नका, दिवाळी झाली की मी येतो. पैसेही न घेता एसटीनं परत गेला.

त्यानंतर दोनदा मोठा पूर आला. दोन्ही वेळा अण्णांनी आधी ही गाडी ट्रॅक्टरला बांधून उंचवट्यावर ओढून नेली होती. स्वतःचा माल पाण्यात गेला, ही तेवढी राहिली. मी विचारलं, माणूस बारा वर्षांत आला नाही, तर आता कशाला येईल? ते म्हणाले, येतो म्हणून गेलाय. त्या विषयावर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

माणसाचं नाव-गाव मात्र त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं. पुढच्या रविवारी मी मलकापूरला गेले. स्टँडवर तिसऱ्याच माणसानं घर दाखवलं. वडापवाले काका दारात कॉटवर बसले होते. साखरेनं डोळे गेले होते. उजेड आणि सावली तेवढी कळायची. मी गाडीचा विषय काढला तसे ते ताठ झाले. त्यांना वाटलं, मी कसली तरी नोटीस घेऊन आलेय. गाडी अजून उभी आहे म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांच्या बायकोनं आतून येऊन मला पुन्हा तेच सांगायला लावलं.

त्या दिवाळीच्या आधीच काकांची नजर कमी व्हायला लागली होती. गाडी परत आणून चालवणार कोण? आणि जाऊन कापायला सांगायचं तर तोंडातून शब्द फुटला नसता. म्हणून ते गेलेच नाहीत. वर्ष गेलं, दोन गेली, मग कापली असणार असं धरून चालले.

काकांना यार्डात आणायचं म्हणजे गाडी चालू करून दाखवायची, असं मी मनाशी ठरवलं. अण्णांना सगळं सांगितलं, तेव्हा कुठं त्यांनी मला हात लावू दिला. इंजिन जाम होतं. प्लग काढून त्या भोकांतून ऑइल आणि डिझेल सोडलं आणि आठवडाभर तसंच ठेवलं. पुढच्या खेपेला समोरून इंजिन फिरवायचं हँडल घातलं, अंगाचा भार दिला, आणि ते पाव फेरा फिरलं. मला तेवढं पुरे होतं. ठिणगीचे पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, कार्बोरेटर खोलून धुतला, पेट्रोलसाठी बाटली टांगून नळी जोडली, नवी बॅटरी बसवली. चालू मात्र केलं नाही, ते काकांसमोरच करायचं होतं.

त्याच्या पुढच्या रविवारी मी काकांना माझ्या गाडीतून घेऊन आले. अण्णा फाटकात उभे होते, या म्हणाले. काकांनी आवाजावरून ओळखलं आणि हात जोडले.

"मला वाटलं, कवाच कापली असंल."

"कशी कापीन? तुमी येतो म्हणलतासा की."

काकांनी हातानं चाचपत गाडीभोवती एक फेरी मारली. सडलेल्या पत्र्यापाशी बोटं थांबली, मग पुढं सरकली. हँडल मीच मारतो म्हणाले. मला काळजी वाटली, कारण हँडल उलटं फिरलं तर अंगठा मोडतो. तसं सांगायला मी तोंड उघडलं आणि बघितलं, त्यांनी अंगठा बोटांच्याच बाजूला घेतला होता. मी बाजूला सरकले. तिसऱ्या झटक्याला इंजिन खोकलं, पाचव्याला लागलं. काळा धूर निघाला. पहिल्यांदा एक सिलिंडर चुकत होता, मी कार्बोरेटरचा स्क्रू थोडा फिरवला आणि आवाज एकसारखा झाला. काका बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले. अण्णा टोपी काढून डोकं पुसत होते, ऊन फारसं नसताना.

काकांनी विचारलं, शाळेत नेऊन हिचं काय करणार? मी खरं ते सांगितलं. खालचा पत्रा गेलाय, रस्त्यावर ही पुन्हा धावणार नाही. पण इंजिन दर वर्षी पोरं खोलतील आणि परत बसवतील, आणि माझ्या देखरेखीत कुणी कापणार नाही.

"मग न्या," ते म्हणाले. "खोलू दे पोरास्नी."

सूर्य मावळायच्या आत अण्णांचं जेवण असायचं. त्या दिवशी त्यांनी आम्हाला सोडलं नाही. आम्ही त्यांच्या पडवीत भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. दोघं म्हातारे कुठल्या घाटात कुठली गाडी दमते यावर इतके बोलले की मला मध्ये शिरायला जागा मिळाली नाही.

बाकीच्या मोटारींचं मी अण्णांना विचारलं होतं. त्यांच्यासाठी कुणी येतो म्हणालं नव्हतं. महिनाभरानं गॅस कटर लागला. त्याआधी मी एक स्टिअरिंग आणि दोन ब्रेक ड्रम शिकवायला काढून घेतले. वाईट वाटलं, पण सगळ्या वाचत नसतात, हे या धंद्यात मी फार लवकर शिकले.

गाडी वर्कशॉपमध्ये आली. पहिल्या तुकडीनं तीन आठवड्यांत इंजिन खोलून परत बसवलं आणि मोठ्या ऐटीत मला बोलावलं. मी आधी ट्रे बघितला. त्यात एक बोल्ट उरला होता. सगळं पुन्हा खोलायला लावलं.