बाईंच्या नावावर गेलेली चूक

कारखान्यात काहीही बिघडलं की बाई दोनच शब्द विचारायच्या. “कसं झालं?” कोणी केलं, हे त्यांनी विचारलेलं मी पाच वर्षांत एकदाही ऐकलं नाही. मला सुरुवातीला तो भाबडेपणा वाटायचा. मी त्यांच्याकडचा इंजिनियर, शिकलेला माणूस होतो. चूक झाली की आधी माणूस पकडायचा, हे मला कॉलेजात नीट शिकवलं होतं.

वाळूजच्या एका गल्लीत बाईंची शेड होती. मोटारसायकलच्या दिव्यांना आणि हॉर्नला जाणाऱ्या वायरींचे जुडगे तिथं तयार व्हायचे. तीस-पस्तीस बायका वायरीच्या टोकांना पितळी टोप्या दाबून बसवायच्या. टोपी ढिली राहिली तर गाडीचा दिवा रस्त्यातच जायचा. त्यासाठी बाईंनी एक पद्धत घातली होती. जिला स्वतःची चूक स्वतःच्या लक्षात येईल, तिनं त्या जुडग्याला कपडे वाळत घालायचा लाल चिमटा लावायचा आणि तो बाईंच्या टेबलावर आणून ठेवायचा. रागावणं नाही, नोंद नाही. बाई उठायच्या, तिच्यासोबत तिच्या जागेवर जायच्या आणि विचारायच्या, “हां, कसं झालं?” एकदा कळलं, की ट्यूबलाइट मागून येते आणि हाताची सावली नेमकी टोपीवर पडते. एकदा स्टूल बुटकं निघालं. सुतार लगेच त्याच दिवशी आला.

हा नियम त्यांना स्वतःलाही लागू होता. एकदा त्यांनी हिरव्याऐवजी निळी वायर मागवली. त्या दिवशी बाई पदराला लाल चिमटा लावून शेडभर फिरल्या. नेमके त्याच दुपारी आमचे जुडगे विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे साहेब पाहणीला आले. मी कानात म्हणालो, “बाई, चिमटा राहिलाय.” त्या म्हणाल्या, “राहिला नाही इंजिनियर, लावलाय. चूक कामावरच्या बायकांचीच असते असं वाटायला नको साहेबांना.” साहेबांनी काय समजून घेतलं देव जाणे, पण मी लाजेनं खाली मान घातली होती. आज लाज वाटते ती त्या लाजेची.

मग बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दीड महिना शेड माझ्या ताब्यात आली. मला काहीतरी करून दाखवायचं होतं. मी भिंतीवर एक फळा लावला, त्यावर प्रत्येकीचं नाव लिहिलं आणि तिच्यापुढं तिच्या चिमट्यांचा आकडा. दोन आठवड्यांत चिमटे लागणं जवळजवळ थांबलं. मी फळ्याचा फोटो काढून मोठ्या कंपनीला पाठवला आणि स्वतःवर खूश झालो. फक्त सुनीताचा आकडा वाढत होता. ती गंगापूरकडून दोन गाड्या बदलून यायची, शेडमधली सगळ्यात जुनी कामगार होती आणि ढिली टोपी तिच्या बोटांना न बघता कळायची. मी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि सोमवारपासून येऊ नका म्हणालो.

ती म्हणाली, “सर, चिमटा लावायचं बाईंनीच सांगितलं व्हतं.”

“आता मी सांगतोय,” मी म्हणालो. हे वाक्य मला त्या दिवशी फार बाणेदार वाटलं होतं.

महिन्याभरात एक अख्खी खेप परत आली. चुका थांबल्या नव्हत्या, बायकांनी त्या दाखवणं थांबवलं होतं. बाई काठी टेकत शेडमध्ये आल्या, फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, “कसं झालं?” मी घाईघाईनं चार बायकांची नावं सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “नावं नव्हती विचारली मी.” फळा त्यांनी माझ्यासमोर उतरवला आणि सुनीताचं स्टूल रिकामं का, ते माझ्याकडून ऐकून म्हणाल्या, “गाडी काढा, गंगापूरला जाऊ.”

सुनीताच्या घरासमोर मी गाडीतच बसून राहिलो. बाई काठी टेकत आत गेल्या आणि थोड्याच वेळात परत आल्या. “येत नाही म्हणाली. बसा सुद्धा म्हणाली नाही. बरोबर आहे तिचं.”

मी विचारलं, “माझं नाव...?”

“कारखाना माझा आहे. माणूस काढला तो मीच काढला. असं सांगून आले.”

खरं सांगतो, मला त्या क्षणी हायसं वाटलं. परत येताना मी त्यांच्याशी रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलत राहिलो. बाई खिडकीबाहेर बघत “हं” म्हणत होत्या.

पुढं मी नोकरी सोडली आणि आता गारखेड्यातल्या एका हॉलमध्ये लहान उद्योजकांना नेतृत्वगुण शिकवतो. पडद्यावर बाणांची चित्रं दाखवतो. त्यातलं खरं तेवढं बाईंचं असतं, बाकीचं माझं. चिमट्याची गोष्ट मी दर वेळी सांगतो आणि फळ्याची दर वेळी गाळतो.

गेल्या वर्षी बाई गेल्या. शोकसभेत मी वीस मिनिटं बोललो. जबाबदारी स्वतःवर घेणं म्हणजे काय, हे बाईंकडून शिकावं, असंही म्हणालो. लोक हात हातात घेऊन छान बोललात म्हणाले. शेडमधल्या सगळ्या बायका आल्या होत्या, सुनीता दिसली नाही. मी एकीला विचारलं. ती म्हणाली, “ती कशाला यील? बाईंचं नाव काढलं तरी उठून जाते.”

चार दिवसांनी मी गंगापूरला गेलो. सुनीताताई अंगणात कापूस निवडत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फळा माझा, निर्णय माझा, आणि त्या दिवशी बाहेरच्या गाडीत बसलेला माणूसही मीच.

त्यांनी निवडलेला कापूस बाजूला सारला. मग म्हणाल्या, “गावात ज्यानं ज्यानं विचारलं त्याला म्या सांगितलं, बाई वाईट, बाईंनी पोटावर पाय दिला. त्यांच्या मातीला बी आले नाय. सर, बाई व्हत्या तवा का नाय आलात? आता म्या कुणापाशी जाऊ?”