डोंगा धुवायची मशीन

माझ्या चुलतभावाचं वावर धरणाच्या पाण्यापलीकडे आहे. रस्त्याने जायचं तर अर्धा तालुका फिरावा लागतो, म्हणून त्याने फायबरचा एक छोटा डोंगा घेतला. पालक, मेथी, वांगी त्यातून अलीकडे येतात आणि मग जीपने कारंज्याच्या बाजारात जातात. भाजी पिकवतो भाऊ, विकते वहिनी. ही वाटणी लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात ठरली, कारण गिऱ्हाइकाचं तोंड जरा उतरलेलं दिसलं की भाऊ न सांगता अर्ध्या भावावर येतो.

मागच्या पावसाळ्याअखेर डोंग्याला आतून-बाहेरून शेवाळ धरलं. वहिनी त्यावरून घसरून पाण्यात पडली. ती वाचली, वांग्याचं पोतं गेलं. काठावर येऊन तिने पदर पिळला आणि जाहीर केलं, "हा डोंगा ताटासारका लख्ख होत नाई तोवर मी त्यात पाय ठेवत नाई. तुमचे वांगे तुमीच विका."

भाऊ दोन बाजार एकटा गेला. दुसऱ्या बाजाराहून निघाला तो थेट माझ्या दारात.

"खराट्यानं घासलं, राखेनं घासलं. निघूनच नाई राह्यलं ना बाप्पा! ते गाड्या धुवाची प्रेशरची मशीन घ्याची म्हणतो. तू चाल संगं. तू पुस्तकं वाचतं."

पुस्तकं वाचणाऱ्याला यंत्रांतलंही कळतं, असा आमच्या घराण्यात पक्का समज आहे. मी तो मोडत नाही. त्या समजापोटी आजवर बराच नाश्ता झाला आहे.

कारंज्याच्या दुकानात भावाने काउंटरवर एक ओलं पोतं ठेवलं. आत डोंग्याची बसायची लाकडी फळी होती, शेवाळासकट. या माणसाने चालवून पाहिल्याशिवाय कधी बैलजोडी घेतली नाही. मशीन तरी कशी घेईल?

दुकानदाराने सगळ्यात मोठं धूड पुढे ढकललं. लाल रंग, दोन चाकं, हातभर बंदूक. खोक्यावर एक बाई पांढऱ्याशुभ्र कपड्यांत मोटार धूत होती आणि तिच्यावर एकही थेंब उडालेला नव्हता.

"याच्यानं ट्रक धुतात, काका," दुकानदार म्हणाला.

मागच्या अंगणात फळीवर फवारा सोडला. शेवाळ गेलं. त्यामागून रंग गेला. रंगामागून लाकडाची एक ढलपी भिंतीपर्यंत गेली.

"मले डोंगा धुवाचा हाय, सोलाचा नाई," भाऊ म्हणाला. "अन् धरणाच्या काठावर हिचा प्लग कुठं खोसू? बाभळीत?"

मग दुकानदाराने नाराजीने दुकानातल्या खालच्या कप्प्यातून बॅटरीची मशीन काढली. हातात मावेल अशी बंदूक आणि तिला पाइप. पाइपचं जाळी लावलेलं टोक बादलीत सोडायचं. "हे खेळणं हाय," तो म्हणाला. खेळण्याने फळीच्या दुसऱ्या बाजूचं शेवाळ काढलं आणि रंग जागेवर ठेवला. मी खोकं वाचलं. जोर किती ते मोठ्या अक्षरांत होतं, बॅटरी किती वेळ चालते ते तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत. निवडणुकीच्या जाहीरनाम्यांमुळे मला असं वाचायची सवय आहे. मी जास्तीची बॅटरी घ्यायला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगा काठावर ओढला. वहिनी हाताची घडी घालून लांब उभी. तेवढ्यात माजी सरपंच झेंडूचा हार घेऊन आले. पद गेल्यापासून ते दिसेल त्याचं उद्घाटन करतात.

"धरणाचं जलपूजन आमदारांनी केलं," ते म्हणाले. "हे आपून करू."

आणि त्यांनी बादलीचं जलपूजन केलं. हळद, कुंकू, मूठभर अक्षता, शेवटी अख्खा हार कुस्करून बादलीत. मग फोटोसाठी मोबाइल माझ्या हातात देऊन ते डोंग्याच्या टोकावर बसले, आधुनिक शेतीवर चार शब्द बोलले आणि बंदुकीचा घोडा ओढला. मशीन घरघरली. दोन थेंब त्यांच्या पँटवर पडले.

भावाचं तोंड पाहवेना.

"झाली मशीन!" वहिनी लांबूनच म्हणाली. "आता जा उद्या बाजारात."

"थांब ना वं जराशी!"

आमच्याकडे ठिबक बंद पडलं की माणूस आधी जाळी पाहतो. भावाने पाइप उपसला. जाळीला झेंडूच्या पाकळ्यांचा आणि तांदळाचा गच्च गोळा चिकटला होता. त्याने जाळी धुतली, पूजेचं पाणी कोणाच्या पायी येऊ नये म्हणून बाभळीच्या बुडाशी ओतलं आणि बादली नव्याने भरली.

या वेळी पाणी सुटलं. हिरव्या बुडावर पांढरा पट्टा उमटला, मग दुसरा. भाऊ थांबेचना. दुसरी बॅटरी संपली तेव्हा डोंगा खरोखर ताटासारखा दिसत होता, आणि माजी सरपंच पुन्हा टोकावर जाऊन बसले होते. स्वच्छ डोंग्यात फोटो चांगला येतो म्हणे.

वहिनी आली. चप्पल काढून एक पाय आत ठेवला, टाच घासून पाहिली. मग दुसरा ठेवला.

"कोपऱ्यात रायलं थोडं," ती म्हणाली आणि रिकामे क्रेट आत टाकले. मग टोकावरच्या माजी सरपंचांकडे वळली. "भाऊजी, तुमी उतरा आता. मले पालक आणाले जाचं हाय."

ते उतरले, थेट चिखलात. भावाने डोंगा पाण्यात लोटला आणि वल्हं धरलं. अर्ध्या पाण्यावर गेल्यावर वहिनीचा आवाज काठापर्यंत स्पष्ट आला.

"मेथी कितीले देल्ली तुमी?"

भावाचं वल्हं एकदम जोरात चालायला लागलं.